शंभर मण्यांची माळ आणि मनगटावरचे घड्याळ

गड उतरून खाली आले की चहाच्या टपरीवर टेकताच सगळ्यांची मनगटे पुढे येतात. एकाच वाटेने, एकाच वेळी चाललेल्या चौघांच्या घड्याळांत चार वेगळे आकडे असतात. कुणाचे साडेअकरा किलोमीटर, कुणाचे बारा, तर कुणाचे पावणेतेरा. मग कुणाचे घड्याळ भारी, यावर वाद रंगतो. खरे तर प्रश्न घड्याळाच्या किमतीचा नसतो. डोंगरातले अंतर चालता चालता मोजणे हीच मुळात अवघड गोष्ट आहे. ती किती अवघड आहे हे समजून घ्यायचे असेल, तर दीडशे वर्षांपूर्वी उपग्रहांविना, बॅटरीविना आणि जिवावर उदार होऊन हे काम करणाऱ्या पंडित नैनसिंह रावत यांच्या आयुष्याकडे पाहावे.

नैनसिंह यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८३० रोजी कुमाऊंच्या जोहार खोऱ्यातील मिलम गावी झाला. आजच्या उत्तराखंडातील पिथौरागढ जिल्ह्यात, सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, एका मोठ्या हिमनदीजवळ हे गाव वसलेले आहे. तिथले भोटिया लोक पिढ्यान् पिढ्या उन्हाळ्यात उंच खिंडी ओलांडून तिबेटशी व्यापार करीत. इकडून धान्य न्यायचे, तिकडून मीठ, लोकर आणि टाकणखार आणायचा. त्यामुळे तिबेटची भाषा, तिथले रीतिरिवाज आणि विरळ हवा, या तिन्ही गोष्टी नैनसिंह यांच्या अंगवळणी पडलेल्या होत्या. मुंबई-पुण्याहून थेट लेहला उतरणाऱ्याचे डोके पहिल्या रात्री ठणकते. ज्याचे बालपणच त्या हवेत गेले, त्याच्या शरीराची गोष्ट वेगळी असते. पुढे त्यांच्या हातून जे काम झाले त्याचा पाया इथे होता.

१८५५ ते १८५७ या काळात श्लागिन्टवाइट हे जर्मन संशोधक बंधू हिमालयात भूगोल आणि हवामानाचा अभ्यास करीत होते. तरुण नैनसिंह त्यांच्याबरोबर हिंडले आणि उपकरणे हाताळायला शिकले. त्यानंतर ते मिलमच्या शाळेत शिक्षक झाले. शिक्षक म्हणून लागलेली ‘पंडित’ ही उपाधी त्यांना जन्मभर चिकटली. पुढे याच कामासाठी तयार केलेल्या सगळ्याच हेरांना ‘पंडित’ म्हटले जाऊ लागले, इतके त्यांचे नाव झाले.

त्या वेळी हिंदुस्थानची मोजणी जोरात सुरू होती. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केलेले त्रिकोणमितीय सर्वेक्षण उत्तरेकडे सरकत होते. लॅम्बटन स्वतः १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे, मोजणीच्या कामावर असतानाच वारले. त्यांच्यामागे हे काम हिमालयापर्यंत पोहोचले आणि तिथे थबकले. त्रिकोण मोजायला अवजड थिओडोलाइट लागतो, टेकड्यांवर खुणा उभाराव्या लागतात, भरदिवसा उघडपणे काम करावे लागते. तिबेटने तर परक्यांना, विशेषतः युरोपीय लोकांना, दारे बंद केली होती. नकाशावर हिमालयाच्या पलीकडे मोठा कोरा भाग उरला. सर्वेक्षणातील अधिकारी कॅप्टन मॉन्टगोमेरी यांनी यावर उपाय काढला. तिथे सहज मिसळून जाईल अशा माणसाला शिकवायचे आणि चालत पाठवायचे. १८६३ मध्ये नैनसिंह आणि त्यांचे चुलतभाऊ मणिसिंह यांची निवड झाली.

डेहराडूनला सुमारे दोन वर्षे त्यांचे प्रशिक्षण चालले. त्यातला सर्वांत कष्टाचा भाग म्हणजे चालणे. चढ असो, उतार असो की सपाटी, पाऊल एकाच लांबीचे पडले पाहिजे. ही लांबी साधारण साडेएकतीस इंच, म्हणजे ८० सेंटिमीटर ठरली. अशी २,००० पावले झाली की एक मैल.

वाचायला हे सोपे वाटते, पण माणसाचे शरीर याच्या अगदी उलट वागते. चढावर पाऊल आपोआप आखूड होते, कारण शरीर वर उचलायला स्नायूंना जास्त काम करावे लागते. तीव्र उतारावर तोल सांभाळण्यासाठी ते पुन्हा आखूड होते. दमल्यावर, पाठीवर ओझे असताना, चिखलात, बर्फात ते बदलते. आजच्या घड्याळातही पावले मोजणारा एक सूक्ष्म संवेदक असतो. हाताच्या हेलकाव्यावरून तो पावले बऱ्यापैकी मोजतो, पण प्रत्येक पाऊल किती लांब पडले हे त्याला दिसत नाही. तो उंचीवरून किंवा आधीच्या नोंदींवरून त्याचा अंदाज बांधतो. दगडधोंड्यांतून चढताना हा अंदाज हमखास चुकतो. घड्याळाला जे जमत नाही, ते नैनसिंह यांनी सरावाने आपल्या पायांना शिकवले.

लांबीचा प्रश्न सुटला, पण मोजणीचा उरला. दिवसभरात हजारो पावले मनात मोजायची, तीही कुणाला कळू न देता. त्यासाठी जपमाळ होती. बौद्ध माळेत १०८ मणी असतात. यांच्या माळेत १०० होते. शंभर पावले झाली की एक मणी सरकवायचा. एक फेरी पूर्ण झाली की दहा हजार पावले, म्हणजे पाच मैल. हातातल्या प्रार्थनाचक्रात मंत्र लिहिलेल्या कागदाऐवजी कोरे कागद ठेवलेले असत. त्यांवर दिवसाची पावले, दिशा आणि वाटेतल्या खुणांची नोंद होई. पेटीला खोटा तळ होता, त्यात कोन मोजण्याचे सेक्स्टंट यंत्र. कवड्यांच्या पोकळीत पारा भरून ठेवलेला. रात्री तो भांड्यात ओतला की त्याचा पृष्ठभाग आरशासारखा सपाट होई आणि त्याच्या आधाराने ताऱ्याची उंची मोजता येई. त्यावरून त्या ठिकाणाचे अक्षांश निघत. तापमापकही असाच दडवलेला असे.

या व्यवस्थेतले शास्त्र नीट पाहिले तर आजच्या घड्याळाचे शास्त्र समजते. पावले आणि दिशा यांवरून आपण कुठवर आलो हे ठरवण्याच्या पद्धतीत एक मोठा दोष असतो. प्रत्येक पावलातली छोटी चूक पुढच्या चुकीत मिसळत जाते. नैनसिंह यांचे पाऊल सरासरी एका इंचाने जरी आखूड पडले असते, तरी अंतरात सुमारे तीन टक्के फरक आला असता. बाराशे मैलांच्या वाटचालीत तो जवळजवळ ३८ मैल होतो. म्हणून मधूनमधून बाहेरचा, स्वतंत्र आधार लागतो. नैनसिंह यांच्यासाठी तो आधार तारे होते. ताऱ्यावरून काढलेल्या अक्षांशात मागच्या पावलांची चूक शिरत नाही. तिथे मोजणी पुन्हा ताळ्यावर येते.

घड्याळासाठी ताऱ्यांच्या जागी उपग्रह आहेत. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या जीपीएस उपग्रहांत अणुघड्याळे असतात. संदेश निघाल्यापासून पोहोचेपर्यंत लागलेल्या वेळावरून अंतर काढले जाते आणि किमान चार उपग्रहांच्या आधारे आपली जागा ठरते. वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाएवढी चूक झाली तर जागेत ३०० मीटरची चूक होते. मोकळ्या आकाशाखाली साधे उपकरण साधारण पाच मीटरच्या आत जागा दाखवते. ही कामगिरी थक्क करणारी आहे. मात्र जागा दाखवणे आणि वाटेची लांबी मोजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घोटाळा तिथेच होतो.

नैनसिंह यांचा पहिला मोठा प्रवास १८६५ च्या आरंभी सुरू झाला. तिबेटची सरहद्द थेट ओलांडणे जमेना, म्हणून दोघे भाऊ नेपाळमध्ये काठमांडूला गेले. पुढे मणिसिंह यांनी वेगळी वाट धरली. नैनसिंह व्यापाऱ्याच्या वेषात तिबेटमध्ये शिरले, व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर त्सांगपो नदीच्या खोऱ्यातून पूर्वेकडे निघाले आणि जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोहोचले. तोवर ल्हासाचे नेमके स्थान नकाशावर कुणालाच खात्रीने दाखवता येत नव्हते. तिथे ते सुमारे तीन महिने राहिले. पैसे संपत आले तेव्हा नेपाळी व्यापाऱ्यांना हिशेब शिकवून गुजराण केली. बालवयातील दलाई लामांचे दर्शनही त्यांना घडले. याच मुक्कामात परवानगीविना शहरात आलेल्या एका चिनी माणसाचा सर्वांसमक्ष शिरच्छेद झालेला त्यांनी पाहिला. आपले सोंग उघडे पडले तर काय होईल, हे यानंतर कुणी सांगण्याची गरज नव्हती. तरीही रात्री पारा ओतून ताऱ्यांची उंची घेणे थांबले नाही. त्यांनी काढलेले ल्हासाचे अक्षांश सुमारे २९ अंश ३९ मिनिटे भरले. आजच्या नकाशातही ते तेवढेच आहेत.

उंची मोजण्याची त्यांची पद्धत तर स्वयंपाकघरातली म्हणावी अशी होती. पाणी उकळायचे आणि उकळताना त्याचे तापमान पाहायचे. वर जावे तसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी कमी तापमानाला उकळते. साधारण ३०० मीटरला एक अंश सेल्सिअस, असा हा हिशेब आहे. समुद्रकाठी १०० अंशांना उकळणारे पाणी ल्हासात ८८ अंशांच्या आसपासच उकळते. डाळ शिजायला उंचावर वेळ लागतो तो याच कारणाने. या पद्धतीत तापमापक अर्ध्या अंशाने चुकला तर उंची दीडशे मीटरने चुकते.

आजच्या चांगल्या घड्याळात उंचीसाठी वायुदाबमापक असतो. म्हणजे तत्त्व तेच, फक्त पाणी उकळावे लागत नाही. म्हणूनच त्याचा दोषही तोच आहे. हवेचा दाब केवळ उंचीनेच बदलत नाही, हवामानानेही बदलतो. कमी उंचीवर दाबातला एक हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे आठ-नऊ मीटर उंची. पावसाळी ढग दाटून दाब तीन-चार हेक्टोपास्कलने उतरला, तर तंबूत झोपलेल्या माणसाचे घड्याळ सकाळी त्याला तीसेक मीटर वर चढवून ठेवते. निघताना माहितीतल्या उंचीवर घड्याळ जुळवून घेतले तर हा दोष बराच कमी होतो.

ऑक्टोबर १८६६ मध्ये नैनसिंह डेहराडूनला परतले. त्यांनी सुमारे बाराशे मैलांचा मार्ग मोजून आणला होता. मैलाला दोन हजार या हिशेबाने ती चोवीस लाख पावले होतात. तीसहून अधिक ठिकाणांचे अक्षांश आणि तेवढ्याच ठिकाणांच्या उंचीच्या नोंदी त्या कागदांवर होत्या. त्सांगपो नदीचा शेकडो मैलांचा प्रवाह प्रथमच नकाशावर आला. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८६८ मध्ये या कामासाठी त्यांना बक्षीस दिले, आणि ते होते सोन्याचे घड्याळ.

आजच्या घड्याळाची चूक नेमकी कुठे होते, ते इथे पाहू. घड्याळ दर सेकंदाला किंवा काही सेकंदांनी आपली जागा टिपते आणि ते ठिपके सरळ रेषांनी जोडते. प्रत्येक ठिपका थोडा इकडेतिकडे पडतो. त्यामुळे सरळ वाटही घड्याळाला नागमोडी दिसते आणि अंतर वाढते. जेवायला बसलो तरी ठिपके भटकत राहतात आणि न चाललेले मीटर जमा होतात. बॅटरी वाचवण्यासाठी ठिपके लांब लांब अंतराने घेतले, तर उलटे होते. घाटातली वळणे घड्याळ कापून टाकते आणि अंतर कमी भरते. उंच कड्यांच्या घळीत निम्मे आकाश झाकलेले असते. तिथे उपग्रहाचा संदेश कातळावर आपटून उशिरा पोहोचतो, आणि घड्याळाला वाटते आपण पलीकडच्या धारेवर आहोत. सह्याद्रीतल्या नाळा आणि पावसाळ्यातली दाट झाडी ही याची नेहमीची ठिकाणे. दोन वारंवारितांवर संदेश घेणारी नवी घड्याळे या परिस्थितीत बरीच सरस ठरतात, पण निर्दोष नसतात.

चढामुळे अंतर वाढते आणि घड्याळ ते धरत नाही, असा एक समज आहे. हा फरक वाटतो त्यापेक्षा लहान असतो. शंभर मीटर पुढे जाताना वीस मीटर चढणारी वाट ही चांगलीच छातीवरची. तिथेही तिरकस लांबी आडव्या अंतरापेक्षा फक्त दोन टक्क्यांनी जास्त भरते. दम लागतो तो वाढलेल्या लांबीने नव्हे, वर चढण्याने.

१८६७ मध्ये नैनसिंह पुन्हा निघाले. या वेळी पश्चिम तिबेटातील ठोक जालुंग येथील सोन्याच्या खाणींचा शोध त्यांनी घेतला. समुद्रसपाटीपासून १६,००० फुटांहून उंच, कायम थंड वारा, आणि श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या जेमतेम निम्मा. जन्माने पहाडी असलेल्यालाही ही उंची पेलायला वेळ द्यावा लागतो. मैदानी माणसाने तर नियम पाळलाच पाहिजे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची दररोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. डोकेदुखी, मळमळ आणि थकवा यांकडे दुर्लक्ष करू नये. झोकांड्या जाणे, बडबड असंबद्ध होणे किंवा बसल्याजागी धाप लागणे ही धोक्याची लक्षणे आहेत. ती दिसताच रुग्णाला तातडीने खाली आणावे. मनगटावरचे घड्याळ रक्तातील प्राणवायूचा आकडा दाखवते, पण थंडीने गारठलेल्या हातावर तो आकडा भरवशाचा नसतो. आकडा चांगला आहे म्हणून लक्षणे असताना वर चढणे ही जिवाशी गाठ आहे.

नैनसिंह यांचा शेवटचा मोठा प्रवास १८७४ च्या जुलैमध्ये लेहहून सुरू झाला. तेव्हा त्यांचे वय ४३ होते. सामान मेंढ्यांच्या पाठीवर होते. या वेळी ते उत्तरेकडच्या, तळ्यांनी भरलेल्या ओसाड पठारावरून ल्हासाला गेले. ओळखले जाण्याच्या भीतीने तिथे त्यांनी दोनच दिवस काढले आणि दक्षिणेची वाट धरली. तवांगला त्यांना कित्येक आठवडे अडकून पडावे लागले. अखेर १ मार्च १८७५ रोजी ते आसामात उदालगुडीला उतरले. तेराशे मैलांहून अधिक वाट, आणि त्यातली बहुतेक तोवर कुणीही न मोजलेली.

या प्रवासाची किंमत शरीराने चुकवली. प्रकृती ढासळली, दृष्टी अधू झाली. उंचीबरोबर सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांचे प्रमाण दर हजार मीटरला सुमारे दहा टक्क्यांनी वाढते, आणि ताज्या बर्फावरून त्यांतले बरेचसे परत डोळ्यांवर येतात. वर्षानुवर्षे तो झगमगाट सोसायचा आणि रात्री सेक्स्टंटच्या बारीक खुणा वाचायच्या, असे त्या डोळ्यांचे काम होते. आज हिमालयात जाणारा माणूस घड्याळ आठवणीने घेतो आणि गॉगल विसरतो. डोळे पूर्ण झाकणारा, अतिनील किरणे अडवणारा गॉगल हा बर्फावर शोभेचा विषय नाही.

नैनसिंह पुन्हा मोहिमेवर गेले नाहीत. त्यांनी नवे ‘पंडित’ तयार केले आणि ‘अक्षांश दर्पण’ हे पुस्तक लिहिले. १८७७ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना आपले सुवर्णपदक दिले. पॅरिसच्या भूगोल संस्थेनेही गौरव केला. हिंदुस्थान सरकारने जमीन इनाम दिली. त्यांनी काढलेले नकाशे ज्यांच्या हाती पडले त्यांचे हेतू साम्राज्याचे होते, हेही खरेच. १८८२ मध्ये त्यांचे निधन झाले. भारतीय टपाल खात्याने २००४ मध्ये त्यांचे तिकीट काढले.

डोंगरात जाणाऱ्याने या आयुष्यातून घ्यावी अशी गोष्ट म्हणजे आकड्याची पारख. नैनसिंह यांचा एकाच साधनावर भरवसा नव्हता. पावले, दिशा, तारे आणि उकळते पाणी, ही साधने एकमेकांना तपासत होती. आपणही तेच करावे. निघण्यापूर्वी मोकळ्या जागी दोन-तीन मिनिटे थांबून घड्याळाला उपग्रह पकडू द्यावेत. मोठ्या विश्रांतीत नोंद थांबवावी. दाट झाडीत आणि घळीत ठिपके टिपण्याचे अंतर कमीत कमी ठेवावे. आणि पाच टक्क्यांचा फरक गृहीत धरून चालावे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे वेळेचे नियोजन अंतरावर नव्हे, चढावर करावे. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही चालतो. दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. दहा किलोमीटर अंतर आणि ९०० मीटर चढ असेल तर साडेतीन तास, विश्रांती वेगळी. यात घड्याळ अर्धा किलोमीटर चुकले तर फरक सहा मिनिटांचा. चढ विसरला तर दीड तासाचा. डोंगरात अंधार पडल्यावर अडकणारी मंडळी बहुधा या दीड तासातच अडकलेली असतात. पाणी, टॉर्च आणि परतीची वेळ या हिशेबाने ठरवली, तर खाली उतरल्यावर चार घड्याळांतल्या चार आकड्यांवर चहा पिता पिता खुशाल वाद घालावा.